भिशीची चिठ्ठी आणि शंभर वर्षांचा पूर

नाशिकमध्ये पूर मोजायची एक पट्टी आहे आणि ती कुठल्याही अभियंत्याने बसवलेली नाही. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच ती पट्टी. पावसाळ्यात घराघरांत फोन होतात. "कुठपर्यंत आलं?" "गुडघ्याला लागलंय." दोन तासांनी, "कमरेला." छातीकडे सरकायला लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानांत माल माळ्यावर चढतो. माझे अण्णा भांडी बाजारात हिशेबनीस होते. गंगेला पूर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) की ते छत्री घेऊन मारुती बघून यायचे आणि त्या दिवसाच्या वहीत कोपऱ्यात लिहायचे, 'पाणी कमरेच्या वर.'

मी संख्याशास्त्र शिकवते. पूर, अवकाळी पाऊस आणि पीकविमा यांतल्या जोखमीचं गणित हा माझ्या संशोधनाचा विषय. सध्या दोन प्रश्न मला फार वेळा विचारले जातात. सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून पूररेषेचा विषय पुन्हा निघतो आणि लोक विचारतात, "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणता, मग २००८, २०१६, २०१९, एवढ्या लवकर लवकर मोठे पूर कसे आले?" दुसरा प्रश्न निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा. मुलाला घेऊन ते घरी आले होते. "मॅडम, हा म्हणतो संख्याशास्त्रात एमएस्सी करतो, मग पीएचडी. जोखमीचा अभ्यास करायचाय म्हणे. हे करून माणूस दिवसभर करतो काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं निम्मं उत्तर त्यातच येतं. म्हणून दोन्ही एकत्र घेते.

आधी दोन शब्द

जोखीम म्हणजे एखादी वाईट गोष्ट घडण्याची शक्यता आणि घडली तर होणारं नुकसान, दोन्ही मिळून. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपणार हे जवळपास नक्की असतं, पण त्यात नुकसान काहीच नाही. बाग फुलोऱ्यात असताना सलग चार दिवस पाऊस लागणं तितकं नेहमीचं नाही, पण लागला तर कूज, गळ आणि डावणी या बुरशीरोगाने वर्षाची कमाई जाते. जोखमीचा हिशेब करताना दोन्ही पारडी धरावी लागतात.

मॉडेल हा दुसरा शब्द. शिंप्याच्या वहीत तुमची सहा मापं असतात. ती सहा मापं म्हणजे तुम्ही नव्हे, तरी तेवढ्यावर ब्लाउज बसतो. कोणती मापं घ्यायची, कोणती सोडायची हे शिंप्याचं ज्ञान. आणि चांगला शिंपी शिलाईत 'माया' ठेवतो, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. पुराचं मॉडेल म्हणजे नदीची अशीच सहा-सात मापं. माझ्या विषयातला सगळ्यात अवघड भाग माया किती ठेवायची हा आहे.

पूर म्हणजे भिशी नव्हे

भिशी सगळ्यांना माहीत असते. वीस जणी, वीस चिठ्ठ्या, दर महिन्याला एक निघते. जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. म्हणजे एकदा लागली की उरलेल्या सगळ्यांची पाळी संपेपर्यंत ती मोकळी.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकले की आपल्या मनात हीच भिशी सुरू होते. पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. नदीचा डबा मात्र वेगळा आहे. त्यात शंभर चिठ्ठ्या, एक लाल. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत टाकायची. गेल्या वर्षी लाल निघाली होती हे डब्याला ठाऊक नसतं. यंदाही शंभरात एक हीच शक्यता. 'शंभर वर्षांचा पूर' याचा एवढाच अर्थ आहे: ज्या पातळीइतका किंवा त्याहून मोठा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे, तो पूर. हे नावच मुळात दिशाभूल करणारं आहे आणि ते बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे. 'एक टक्क्याचा पूर' म्हटलं असतं तर निम्मे गैरसमज झालेच नसते.

आता तीस वर्षांचा हिशेब करू, कारण माणूस एका घरात साधारण तेवढा तरी राहतो. एका वर्षी लाल चिठ्ठी न निघण्याची शक्यता ९९ टक्के. तीस वर्षं ओळीने न निघण्याची शक्यता काढायची तर तीस वेळा ०.९९ लिहून ते सगळे एकमेकांशी गुणायचे. उत्तर येतं सुमारे ७४ टक्के. म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. पूर्ण शंभर वर्षं धरली तरी तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. काहींच्या आयुष्यात येतच नाही, काहींच्या आयुष्यात दोनदा येतो.

आपल्याकडच्या नकाशांवरच्या दोन रेषा यातूनच आल्या. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. निळ्या रेषेवरच्या घरात तीस वर्षांत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता काढली तर ७१ टक्क्यांच्या आसपास येते. फ्लॅट घेताना पार्किंग कुठे, लिफ्ट किती माणसांची हे आपण विचारतो. हा आकडा कुणी विचारत नाही.

आणि २००८, २०१६, २०१९? यातला प्रत्येक पूर लाल रेषेचा होता असं धरू नका. सराफ बाजारात पाणी शिरणं आणि शंभर वर्षांचा पूर येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, बाजार तेवढा खाली वसलेला आहे. शिवाय राज्यातल्या नदीकाठच्या शंभर गावांचा एकत्र विचार केला तर सरासरीने दर वर्षी त्यातल्या एका गावात 'शंभर वर्षांचा' पूर येणारच. बातमी त्या गावाची होते, उरलेल्या नव्व्याण्णव गावांची होत नाही.

येवल्याचा धागा आणि सरासरीची मर्यादा

शाळेत आपल्याला सरासरी शिकवतात आणि तिथेच बहुतेकांचं संख्याशास्त्र थांबतं. जोखमीच्या कामात सरासरी फारशी उपयोगी पडत नाही. द्राक्षाचा मांडव सरासरी वाऱ्याने कधी पडला आहे का? तो पडतो वर्षातल्या सगळ्यात जोरकस झोताने.

या टोकाच्या गोष्टींचं वेगळं गणित आहे आणि त्याची एक वाट कापडगिरणीतून जाते. १९२० च्या दशकात ब्रिटिश कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत लिओनार्ड टिपेट नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ होता. धाग्याची सरासरी ताकद कितीही असली तरी धागा तुटतो सगळ्यात कमजोर जागी, हे पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या कुठल्याही विणकराला सांगायची गरज नाही. अशा टोकाच्या मूल्यांचे नियम कसे असतात, हे टिपेट आणि रोनाल्ड फिशर यांनी १९२८ मध्ये मांडलं. त्यांनी दाखवलं ते मला आजही विलक्षण वाटतं: मूळ आकडे पावसाचे असोत, वाऱ्याचे असोत की धाग्याचे, मोठ्या संख्येने घेतलेल्या आकड्यांतलं टोकाचं मूल्य वागतं ते मोजून तीनच तऱ्हांनी. पुढे एमिल गुम्बेल या जर्मनीत जन्मलेल्या गणितज्ञाने, ज्याला नाझींमुळे देश सोडावा लागला, हे गणित पुरांच्या अभ्यासात रुजवलं. आज पूररेषा आखताना त्याच्या नावाचं सूत्र सर्रास वापरतात.

पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक वर्षातला नदीचा फक्त सगळ्यात मोठा प्रवाह घ्यायचा. पन्नास वर्षांच्या नोंदी असतील तर पन्नास आकडे. प्रवाह क्युसेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. गंगापूर धरणातून हजार क्युसेक सोडले अशी बातमी आली की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या पन्नास आकड्यांवर टोकाच्या मूल्यांचं सूत्र बसवायचं आणि शंभरात एक शक्यतेची पातळी वाचायची.

इथेच अडचण आहे. पन्नास वर्षं पाहून शंभर वर्षांचं बोलायचं, म्हणजे जे कदाचित पाहिलंच नाही त्याबद्दल बोलायचं. म्हणून प्रामाणिक उत्तर एकाच आकड्यात देता येत नाही, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा द्यावा लागतो, आणि तो पट्टा लाज वाटावी इतका रुंद असतो. नकाशावर मात्र रेघ एकच येते, बारीक आणि ठाम. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने धूसर पट्टा काढा, मगच तिच्याकडे बघा.

कमरेच्या वर, छातीच्या खाली

पट्टा अरुंद करायचा एक मार्ग म्हणजे जास्त जुनी माहिती. आणि इथे अण्णांच्या वहीची गोष्ट परत येते.

'पाणी कमरेच्या वर' हा आकडा नाही, म्हणून बरेच जण अशी नोंद टाकून देतील. पण तिच्यात माहिती आहे: पातळी कमरेपेक्षा जास्त होती आणि छातीपेक्षा कमी. अशा अर्धवट नोंदी हिशेबात घेण्याच्या रीतसर पद्धती संख्याशास्त्रात आहेत. औषधांच्या चाचण्यांमध्ये 'रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत होता, पुढे माहिती नाही' अशी नोंद जशी वापरतात, तशीच ही. देवळाच्या पायरीवरची खूण, १९६९ च्या महापुराच्या आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं का गेलं नाही, हे सगळं मोजणीत येऊ शकतं. नाही गेलं, हीसुद्धा माहितीच. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत नदीने साचवलेल्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे पूर शोधून काढले. जिथे माणसाची वही नाही तिथे नदीने स्वतः ठेवलेली वही वाचायची, असं ते काम.

मी संशोधन सुरू केलं तेव्हा मला वाटायचं की हा विषय म्हणजे समीकरणं. माझे पहिले चार महिने एका पर्जन्यमापक केंद्राच्या नोंदींत गेले. दर वर्षी ठरावीक आठवड्यात पाऊस शून्य. मी त्यावर एक सुंदर निष्कर्षही काढला होता. मग कळलं की त्या आठवड्यात नोंद घेणारा माणूस रजेवर असायचा आणि परत आल्यावर रिकाम्या रकान्यांत शून्य भरायचा. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला नाही' या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसत होत्या. तेव्हापासून कुठलाही तक्ता हातात आला की मी आधी शून्यं तपासते.

बाग इथे, हवामान केंद्र तिथे

निफाडच्या त्या दादांचा खरा राग विम्यावर होता. "पाऊस माझ्या बागेत झाला, अन् विमावाले म्हणतात तुमच्या मंडळात झालाच नाही." हा राग रास्त आहे आणि त्याला संख्याशास्त्रात कारण आहे.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात प्रत्येक बागेचं नुकसान मोजत नाहीत. महसूल मंडळासाठी, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटासाठी, नेमून दिलेल्या हवामान केंद्रावर पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की भरपाई लागू होते. फायदा असा की पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. तोटा असा की मोजणीची जागा एक आणि नुकसानीची जागा दुसरी. ऑक्टोबरमधला ढग बांधाच्या अलीकडे बरसतो आणि पलीकडे कोरडं ठेवतो. केंद्र आणि बाग यांतला हा फरक किती, कुठल्या महिन्यात जास्त, आणखी किती केंद्रं लावली तर किती कमी होईल, हे शोधणं म्हणजे शुद्ध जोखीम-संशोधन. यावर केलेलं चांगलं काम थेट शेतकऱ्याच्या खात्यात उतरू शकतं.

हप्त्याचं मूळ गणित त्यामानाने साधं. समजा एक लाखाचं नुकसान दहा वर्षांतून सरासरी एकदा होतं, तर निव्वळ जोखमीची किंमत वर्षाला दहा हजार. त्यावर कंपनीचा खर्च आणि माया. फळपिकांसाठी शेतकऱ्याचा वाटा साधारण विमा रकमेच्या ५ टक्के ठेवला आहे, उरलेल्याचा भार मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकार उचलतात. पण ते 'दहा वर्षांतून एकदा' कुठून आलं, किती वर्षांच्या नोंदींवरून आलं, त्यात ती रजेवरची शून्यं आहेत का, हे विचारणारा माणूस कुणीतरी लागतो.

उत्पन्नावर आधारलेल्या विम्यात पीक कापणी प्रयोग असतात. शेतात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कुणाच्याही मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखी जागा निवडून, ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, वजन करायचं. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद झाला तो तुकडा किती मोठा असावा यावर. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. कारण? दोरीच्या कडेवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रसंग आला की हात आपोआप ते आत घेतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा वाद आजच्या शेतकऱ्याला लागू आहे. उत्पन्न फुगवून मोजलं गेलं तर भरपाई कमी मिळते. कडेवरच्या एका रोपाचा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेणारी माणसं या विषयात होऊन गेली, याचा मला अभिमान वाटतो.

"मग नेमका पूर कधी येणार ते सांगा ना"

हा आक्षेप हमखास येतो. उद्या-परवाचा अंदाज हे हवामानशास्त्राचं काम, आणि ते दिवसेंदिवस चांगलं होतं आहे. जोखीम मोजणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: पुढच्या पन्नास वर्षांत पूल किती उंच असावा, भिंत किती जाड, विम्यासाठी गंगाजळी किती.

१९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री समुद्राचं पाणी नेदरलँड्समधले बांध फोडून आत आलं आणि तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर बांध किती उंच करायचे हा प्रश्न तिथल्या सरकारने गणितज्ञांपुढेही ठेवला. डेव्हिड व्हान डांट्झिग यांनी तो असा सोडवला: बांध एक मीटरने वाढवला तर खर्च किती वाढतो आणि बुडण्याच्या शक्यतेतून होणारं नुकसान किती घटतं. दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी, ती उंची. देशाच्या सगळ्यात दाट वस्तीच्या भागासाठी पुढे दहा हजार वर्षांतून एकदा हा निकष धरला गेला. पूर कधी येणार हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि बांधाची उंची ठरवायला ते माहीत असण्याची गरजही पडली नाही.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. १९२६ च्या ओडिशातल्या पुरानंतर नदीचा तळ वर आला, बांध वाढवा, असं अभियंते म्हणत होते. महालनोबिसांनी अनेक दशकांच्या नोंदी तपासून दाखवलं की तळ वर आलेला नाही, पाऊसच वरच्या भागात अफाट झाला होता. रोगाचं निदानच बदललं.

"हवामानच बदललं, जुने आकडे काय कामाचे?"

हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. चिठ्ठ्यांचं उदाहरण देताना मी गृहीत धरलं की डबा दर वर्षी तोच. तसं राहिलेलं नाही. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, एका अंश सेल्सिअसला साधारण ७ टक्के, आणि मुसळधार पाऊस अधिक जोराचा होतो. शिवाय शहरही बदललं. जिथे माती पाणी पीत होती तिथे काँक्रीट आलं, त्यामुळे तेवढाच पाऊस आता नासर्डी-वाघाडी या गोदावरीच्या उपनद्यांतून लवकर खाली येतो. डब्यात कुणीतरी लाल चिठ्ठ्या वाढवतं आहे.

मग जुने आकडे टाकायचे? नाही. सूत्रातच काळानुसार बदल मांडायचा: शक्यता कायम एक टक्का न धरता ती वर्षागणिक कशी सरकते ते नोंदींतून काढायचं. हे करताना पट्टा आणखी रुंद होतो, कारण आता दोन गोष्टी एकाच वेळी शोधायच्या. जगभर या विषयातलं बरंचसं नवं संशोधन इथेच चाललं आहे. एकदा आखलेली पूररेषा दगडावर कोरलेली नसते, ठरावीक वर्षांनी ती पुन्हा मोजली पाहिजे.

"मॉडेलं फसतातच की"

फसतात. सप्टेंबर २००८ मध्ये नाशिकला पूर आला त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य वित्तसंस्था कोसळली. गृहकर्जांच्या जोखमीची मॉडेलं तेव्हा सपशेल चुकली. चूक कुठे झाली ते द्राक्षाच्या भाषेत सांगते.

समजा तुम्ही शंभर बागांचा विमा उतरवला. पन्नास नाशकात, पन्नास सांगलीत-सोलापुरात. इकडे अवकाळी आला तर तिकडच्या बागा बहुधा वाचतील. आता शंभरही बागा एकाच तालुक्यात आहेत असं धरा. प्रत्येक बाग बुडण्याची शक्यता तीच, पण ढग एकच. बुडाल्या तर सगळ्या एकदम. अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांतली कर्जं म्हणजे वेगवेगळे तालुके असं मानलं गेलं. घरांच्या किमती सगळीकडे एकदम पडल्या तेव्हा कळलं की ढग एकच होता. समीकरण बरोबर होतं, गृहीतक चुकलं. आणि ते गृहीतक उघडपणे सांगितलं नव्हतं, ही त्याहून मोठी चूक. माझ्या दृष्टीने जोखीम-संशोधकाची खरी परीक्षा इथे आहे: आपलं उत्तर कुठल्या परिस्थितीत खोटं ठरेल हे त्याने स्वतःहून, पहिल्या पानावर सांगितलं का?

सिंहस्थालाही हाच धडा लागू होतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०२७ ची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात आहेत. गर्दीची जोखीम एका फायलीत आणि पुराची दुसऱ्या फायलीत ठेवून चालणार नाही. पाणी चढलं की घाटाची उभं राहायची जागा घटते, तीच माणसं कमी जागेत येतात, आणि चौरस मीटरमागे पाच-सहा माणसांच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते. दोन्ही संकटं एकाच पावसाला बांधलेली आहेत, म्हणून हिशेबही एकत्रच व्हायला हवा.

"हे सगळं ठीक, पण पोराचं पोट कसं भरेल?"

दादांना मी जे सांगितलं ते असं. बीएस्सी संख्याशास्त्र नाशकातच होतं. एमएस्सीला पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभा केलेला. आयआयटीत जायचं तर 'जॅम' परीक्षेचा गणितीय संख्याशास्त्राचा पेपर, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यात फेलोशिप मिळाली तर संशोधन करताना दरमहा ३७ हजार रुपये आणि नियमानुसार घरभाडं. पीएचडीला चार-पाच वर्षं सहज जातात.

आणि हेही सांगितलं की महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा कमी निघतात. नेट-सेट झालेली हुशार मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते लपवून मुलांना या वाटेला लावणं मला पटत नाही. पण हा विषय एका दारावर अवलंबून नाही. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि हवामान खातं, दिंडोरी रस्त्यावरची 'मेरी', जिथे जलसंपदेचं संशोधन चालतं, आपल्याच शहरातलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि वैद्यकीय संशोधन, बँका, विमा कंपन्या. विम्याकडे जायचं असेल तर ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा आहेत, लांबलचक आणि कठीण, पण पगार चांगला.

दिवसभर काय करतो? निम्म्याहून जास्त वेळ आकडे धान्यासारखे निवडून साफ करण्यात आणि त्यांच्यावर शंका घेण्यात जातो. मग शिकवणं, प्रोग्रॅम लिहिणं, बहुतेक 'आर' या मोफत भाषेत. लेख लिहिला की तो नियतकालिकाकडे जातो, अनोळखी परीक्षक तो फाडतात, दुरुस्त करून परत पाठवायचा, असं वर्ष-दोन वर्षं चालतं. एका चांगल्या लेखासाठी अभियंत्याशी, शेतकऱ्याशी, तलाठ्याशी बोलावं लागतं. ज्याला माणसांशी बोलायचं नाही त्याने शुद्ध गणिताकडे जावं, तेही सुंदर आहे.

मुलाने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, हे सगळं आता एआय करणार नाही का?"

सूत्र बसवायचं काम संगणक माझ्यापेक्षा कितीतरी लवकर करतो, आणि करावं. पण लाखो फोटो दाखवून मांजर ओळखायला शिकवणं वेगळं, आणि पन्नास आकड्यांवरून न आलेल्या पुराबद्दल बोलणं वेगळं. शिकायला उदाहरणंच नसतात. तिथे गृहीतक निवडावं लागतं आणि त्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी लागते. रजेवरच्या माणसाची शून्यं यंत्राने बिनतक्रार गिळली असती. मीही गिळलीच होती, पण मला फोन करून विचारता आलं.

त्याला मी एकच काम दिलं. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळांसाठीच्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या छाटणीपासून, बागेत साधं पर्जन्यमापक लाव, रोज सकाळी साडेआठला नोंद घे, शेजारी मंडळाच्या केंद्राचा आकडा लिही. तीन महिन्यांनी वही घेऊन ये.

वही गेल्या रविवारी आली. पानांना औषधाचा वास, रकाने वाकडे. दोन आकड्यांत काही दिवस चांगलाच फरक आहे, त्यावर आता आम्ही बसणार आहोत. मी सवयीने आधी शून्यं शोधली. नोव्हेंबरच्या एका पानावर ओळीने तीन रकाने रिकामे होते आणि त्यांवर आडवं लिहिलं होतं: 'नोंद नाही. मामाच्या लग्नाला चांदवडला गेलो होतो.'